खोगीरभरती

परेशभाईनं चोपडी टेबलावर टाकली, म्हणाला, कणा गेलाय.
मांडवीजवळचं ग्रंथालय, सकाळचे दहा.
वरच्या मजल्याची जमीन काचेची,
चालणाऱ्यांचे तळवे खालून दिसतात
धुरकट, माशाच्या पोटासारखे.
तळव्यावरून जात ओळखता येत नाही,
हे माझ्याआधी इथं बसणाऱ्याच्याही
लक्षात आलं असणार.

गोदाजी नवगिरे, जिनगर.
त्याच्या आज्यानं हुजूरपागेची खोगिरं भरली,
वर मखमल, आत चिंध्या, काथ्या, हाताला येईल ते.
घोड्याला टोचू नये,
आणि वर बसलेल्याला तर नाहीच नाही.
मग मोटारी आल्या.
दाभण तेच राहिलं, चामडंही तेच,
पाठ तेवढी बदलली,
घोड्याची गेली, पुस्तकाची आली.

पुस्तकं हुजुरांनीच मागवली होती, पेट्या भरभरून.
शाळाही त्यांचीच, सक्तीची.
पोर न धाडणाऱ्या बापाला दंड.
गोदाजीच्या बापानं दंड दोनदा भरला,
तिसऱ्यांदा परवडेना, मग पोरगा धाडला.

गोदाजी पुस्तक वाचायचा नाही, शिवायचा.
शिवताना हाताशी येईल तो फर्मा डोळ्यांखालून जायचा,
शेवट आधी, मग मधलं,
सुरुवात बहुतेक राहूनच जायची.
एकदा असंच, सोळाव्या पानाच्या तळाशी,
"राज्य ही लोकांनी सांभाळायला दिलेली वस्तू,
आणि सांभाळायला दिलेली वस्तू"
पुढचा फर्मा छापखान्यातून सोमवारी यायचा होता.

चार दिवस तो ते वाक्य स्वतःच पुरं करत हिंडला.
विहिरीवर, जिथं त्याच्या बायकोची घागर
सगळ्यांच्या नंतर भरायची.
देवडीवर, जिथं बिल घेऊन गेलं
की जोडे बाहेर, माणूसही जवळजवळ बाहेर,
आणि पैसे पुढच्या महिन्यात.
सोमवारी फर्मा आला.
त्यातलं वाक्य त्याच्या वाक्यापेक्षा मवाळ निघालं.

मी कणा सोडवतेय. खळ ओली करून, बोटानं.
आत भरतीचा कागद निघतो,
दफ्तरातून रद्दीत गेलेला, शेरावारी घेतलेला.
दसऱ्याच्या दरबाराची यादी.
कुणी गालिच्यावर, कुणी गालिच्याच्या काठाला,
कुणी उभं, कुणी पार जोड्यांपाशी,
कुणाचा नजराणा घ्यायचा,
कुणाच्या नजराण्याला नुसता हात लावायचा.
चौऱ्याऐंशी नावं. जिनगराचं एकही नाही.
खोगिराचा खर्च आहे, शेवटच्या ओळीत. रुपये सहा.

गोदाजीनं हे वाचलं होतं
की कागद जाड आहे एवढंच पाहिलं,
मला सांगता येणार नाही.
कात्री मात्र बरोबर
गालिच्याच्या मधून चालवलीय.

शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी.
गिरणीतला कांडीवाला, दोनदा.
कन्याशाळेच्या सुभद्राबाई दळे.
पागेतला एक मोतद्दार, सहीच्या जागी अंगठा,
म्हणजे कुणीतरी वाचून दाखवलं असणार,
रात्री, घोडे झोपल्यावर.
आणि जांभळ्या शाईत: राजवाडा.
अठ्ठेचाळीसच्या दिवाळीला गेली ती
संस्थान विलीन झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात परत.
कुणी वाचली, की नुसती उशाला पडून होती, देव जाणे.
पानं दोन ठिकाणी दुमडलेली आहेत.
दंड नऊ आणे.
समोर कुणीतरी लिहिलंय "माफ".
आणि ते खोडून, दुसऱ्या हातानं,
दाभणासारखं टोचून, "वसूल".

यादी मी परत आत भरते.
कण्याला काहीतरी जाड लागतंच.
पुस्तकामागे पस्तीस रुपये, कंत्राटदाराकडून,
तीन महिन्यांचे यायचेत.
मागायला गेलं की तो आधी खुर्चीकडे बघतो,
मग माझ्याकडे, मग फोनकडे.

ती चिठ्ठी फाटायला आलीय.
नियमाप्रमाणे नवी लावायला हवी.
मी जुनीवरच पातळ कागद चिकटवते,
शेवटचा शब्द
खालून वाचता येईल असा.